मधे ऊस आहे

वायर शंभर मीटरच्या पुढं धावत नाही,
हे मी सेक्रेटरींना तीनदा सांगितलं.
"मग जोडा की दुसरी," म्हणाले बाळगोंडाण्णा,
जणू वायर म्हणजे कासरा,
गाठ मारली की झालं.

गावातल्या टाकीपासून पंचगंगेकाठच्या जॅकवेलपर्यंत
अडीच किलोमीटर.
दोन वर्षांत तिथून तीनदा केबल गेली,
एकदा अख्खा स्टार्टर,
आणि एकदा, कशाला कुणास ठाऊक,
गुंडूमामांची चप्पल.

चैत्रात मग दोन डिश आणल्या,
शाहूपुरीतून, मोटरसायकलवर,
तौफिकच्या मांडीवर, परातीएवढ्या.
एक टाकीवर, एक जॅकवेलच्या छपरावर.
एकमेकींना दिसल्या पाहिजेत, एवढीच अट.
बाकी सगळं हवेतनं जातं.

छपरावर रेंज येते, खाली येत नाही.
तौफिक टाकीवरून ओरडत होता फोनमधे:
"जरा डावीकडं. अजून. हां हां हां...
गेलं. परत ये."
बोटभर इकडं हललं
की नेम तिकडं कुणाच्या तरी गोठ्यात.

दुपारी दीडला चारी दिवे हिरवे.
सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीवर नदी आली,
मुकी, जराशी वाकडी,
आणि बाळगोंडाण्णांनी चहा सांगितला
धरण बांधून झाल्यासारखा.

गुंडूमामांना त्याच महिन्यात कळवलं,
आता रात्रीचं यायला नको.
मी नाही कळवलं.
पण माझी शिडी धरून तेच उभे होते.

ॲप माझ्याही मोबाईलवर राहिलं.
कसबा बावड्यात, झोपायच्या आधी
मी एकदा नदी बघतो.
अंधारात कॅमेऱ्याला काळंपांढरं दिसतं,
त्याच्या डोळ्याच्या उबेला कोळी येतो,
विणत बसतो,
आणि मोटर, कठडा, पाणी, सगळं
पांढऱ्या धाग्यांमागं जातं.
साडेआठच्या पुढं कधीतरी
पडदाभर एक चेहरा.
नाक मोठं, कान कुठंतरी मागं राहिलेले.
फडकं येतं
आणि माझा मोबाईल आतून पुसून जातं.

पगार नाही. कुणी सांगितलेलं नाही.
पुसता पुसता ते काहीतरी बोलतात.
कॅमेऱ्याला माईक नाही,
माईकवाला सातशेनं महाग होता,
कोटेशनमधनं मीच खोडला.
ओठ बघून अंदाज करतो:
"जेवलास काय" असेल,
नाहीतर "चालू हाय काय".

भाद्रपदात चित्र अडखळायला लागलं.
लाईट होती, डिश जागच्या जागी,
दिवा एकच, तोही पिवळा.
टाकीवर चढलो.
चढावरची चौगुल्यांची पट्टी,
चैत्रात गुडघ्याएवढा खोडवा होता तिथं,
आता दीड पुरुष ऊस,
आणि ओल्या पानांतनं हे पलीकडं जात नाही.
पाणी ह्याच मोटरचं.
आम्ही जिच्यावर नजर ठेवतोय तिनंच
वाढवून वाढवून मधे आणून उभा केला.

"चार सऱ्या तोडू काय?" विचारलं.
चौगुले हसले.
"कारखाना चालू होऊ दे की."
पाईप दहा फूट वाढवायचा तर साडेसहा हजार,
ते मिटिंगला ठेवतो म्हणाले.

काल रात्री हात वर असतानाच
चित्र थांबलं.
फडकं अर्धं चौकोनांत फुटलेलं,
तोंड उघडं, शब्द आतच.
कोपऱ्यात वेळ: आठ एकेचाळीस.
पहाटे पाच वाजता बघितलं,
हात तसाच, आठ एकेचाळीस.

मामा घरी जाऊन झोपले असणार.
मला ठाऊक आहे ते.

तरी घरामागचा जुना पाईप
मोटरसायकलला आडवा बांधलाय.
तौफिक विचारतो, पैसे कोण देणार.
बघू म्हटलं.
आधी खाली उभं राहून,
जिथं रेंज येत नाही तिथं,
विचारून घेतो एकदा,
ते "जेवलास" होतं का "चालू".